सेवा आणि स्थान : फिलाडेल्फियातील सेंट टॉमस धर्मग्रामाचा आरंभकाळ (१७८७–१८१८)

एखाद्या ख्रिस्ती धर्मग्रामाचा इतिहास लिहिताना प्रथम देवालयाची उभारणी, नंतर उपासकांचा समुदाय आणि अखेरीस त्या समुदायाने केलेले समाजकार्य, असा क्रम सामान्यतः धरला जातो. सेवा हे धर्मसंस्थेचे फळ होय, हे गृहीत त्या क्रमाच्या मुळाशी असते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १७९४ साली स्थापन झालेल्या ‘आफ्रिकन एपिस्कोपल चर्च ऑफ सेंट टॉमस’ या धर्मग्रामाच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा दिसतो. तेथे परस्परसाहाय्याची मंडळी आधी जन्मली, महामारीतील सेवा तिच्यानंतर घडली आणि धर्मग्राम सर्वांत शेवटी आकारास आला. या उलट्या क्रमाचा अर्थ काय आणि अशा सेवेने सेवकांना समाजात कोणते स्थान मिळाले, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभी परिभाषेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. इंग्रजीतील ‘पॅरिश’ या शब्दासाठी वसईकडील मराठी कॅथॉलिक समाजात ‘धर्मग्राम’ हा शब्द रूढ आहे. प्रॉटेस्टंट समाजात ‘मंडळी’ हा शब्द अधिक चालतो. मूळ ग्रीक शब्द ‘पारोइकिया’ असा असून, परक्या ठिकाणी लोकांच्या शेजारी केलेली वस्ती, असा त्याचा अर्थ होता. त्यातील ‘ओइकोस’ म्हणजे घर. हा शब्द आणि संस्कृतातील ‘वेश’ (निवास) हे एकाच मुळापासून निघाले आहेत. ‘पारोइकोस’ याला अर्थाने जवळचा संस्कृत शब्द ‘प्रतिवेशी’ हा होय. पुढे त्या शब्दातील परकेपणाची छटा लोपली आणि बिशपच्या अधिकाराखालील निश्चित प्रदेश हा अर्थ स्थिर झाला. ज्या लोकांविषयी हा लेख आहे ते आपल्याच शहरात परके म्हणून राहत होते. तेव्हा या शब्दाचा आद्य अर्थ त्यांच्या बाबतीत अक्षरशः लागू पडतो.

१

या धर्मग्रामाचा पहिला धर्मगुरू अब्सलम जोन्स याचा जन्म १७४६ साली डेलावेअर प्रांतात गुलामगिरीत झाला. तो सोळा वर्षांचा असताना मालकाने त्याची आई व भावंडे विकून टाकली आणि त्याला आपल्याबरोबर फिलाडेल्फियास नेले. तेथे दिवसा मालकाच्या दुकानात काम करून तो रात्रीच्या शाळेत शिकला. १७७० साली त्याचे लग्न झाले. त्याने प्रथम पत्नीचे स्वातंत्र्य विकत घेतले आणि मग स्वतःच्या मुक्ततेसाठी पैसा साठविला. या अनुक्रमामागे कायद्याचे कारण होते : मुलाचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरत असल्यामुळे आई मुक्त झाली की पुढील संतती मुक्त जन्माला येई. जोन्स स्वतः १७८४ साली मुक्त झाला.

१२ एप्रिल १७८७ रोजी जोन्स, रिचर्ड ॲलन आणि त्यांचे काही सहकारी यांनी ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ची स्थापना केली. तिच्या नियमांप्रमाणे प्रत्येक सभासदाने दरमहा एक शिलिंग वर्गणी द्यावयाची होती. एक वर्ष वर्गणी भरल्यानंतर गरजू सभासदास दर आठवड्यास तीन शिलिंग नऊ पेन्स मिळावयाचे होते. मात्र ती गरज त्याच्या स्वतःच्या बेफिकिरीतून उद्भवलेली नसावी, अशी अट होती. मृत सभासदाच्या विधवेस साहाय्य, मुलांचे शिक्षण आणि त्यांना एखाद्या धंद्यात उमेदवार म्हणून लावून देणे, या जबाबदाऱ्याही मंडळीने स्वीकारल्या. मद्यपी व बेशिस्त माणसांना प्रवेश नव्हता.

संस्थापकांच्या यादीतील नावे भाषेच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावीत अशी आहेत. कॅटो आणि सीझर ही रोमन इतिहासातील भारदस्त नावे गुलामांना देण्याची मालकवर्गात प्रथा होती. त्यात थट्टेचा अंश उघड होता. याच यादीत कॅटोपुढे ‘फ्रीमन’, म्हणजे मुक्त मनुष्य, हे आडनाव आढळते. पहिला शब्द दास्याची आठवण देतो, तर दुसरा त्यातून सुटल्याची ग्वाही देतो. आणि या सर्वांनी मिळून आपल्या संस्थेस ‘आफ्रिकन’ हे नाव दिले. अमेरिकेत जन्मलेल्या माणसांनी हे नाव हेतुपूर्वक स्वीकारले होते.

या मंडळीचा जन्म सेंट जॉर्ज मेथॉडिस्ट चर्चमधील अपमानातून झाला, असे पुष्कळदा सांगितले जाते. प्रार्थनेसाठी गुडघे टेकून बसलेल्या जोन्सला चर्चच्या व्यवस्थापकांनी ओढून उठविण्याचा प्रयत्न केला. प्रार्थना संपेपर्यंत थांबण्याची त्याची विनंती मानली गेली नाही. आणि प्रार्थना संपताच सर्व कृष्णवर्णीय उपासक एकत्र बाहेर पडले. ही घटना १७८७ मधील असल्याचे ॲलनच्या आठवणींत म्हटले आहे. परंतु त्या आठवणी उतारवयात लिहिलेल्या असून १८३३ साली प्रसिद्ध झाल्या आहेत. आणि ज्या सज्जात हा प्रकार घडला तो १७९२ साली पुरा झाला, असे त्या चर्चच्या बांधकामाच्या नोंदींवरून दिसते. ही नंतरची तिथी मान्य केल्यास परस्परसाहाय्याची मंडळी अपमानाच्या आधीच पाच वर्षे अस्तित्वात होती, असे ठरते. अपमानाने बाहेर पडण्याचा क्षण ठरविला. बाहेर पडून जावयाचे कोठे, याची तयारी मात्र वर्गणीच्या वहीत आधीच चालू होती.

२

ऑगस्ट १७९३ मध्ये ‘आफ्रिकन चर्च’चे छप्पर चढविण्याचे काम सुरू असतानाच शहरात पीतज्वराची साथ पसरली. फिलाडेल्फिया तेव्हा संयुक्त संस्थानांची राजधानी होती आणि तिची लोकसंख्या सुमारे पन्नास हजार होती. काही महिन्यांत चार ते पाच हजार माणसे मृत्यू पावली. हजारो लोक शहर सोडून गेले. राज्यकारभार ठप्प झाला. नवरा बायकोला, आईबाप मुलांना टाकून गेल्याची उदाहरणे तत्कालीन लेखनात नमूद आहेत.

विख्यात वैद्य बेंजामिन रश याने कृष्णवर्णीय नागरिकांना शुश्रूषेसाठी पुढे येण्याचे आवाहन केले. त्यांना हा रोग होत नाही, अशी त्याची समजूत होती. दक्षिण कॅरोलायनातील १७४८ च्या साथीविषयी जॉन लायनिंग याने केलेले निरीक्षण तिला आधारभूत होते. ही समजूत चुकीची होती. बालपणी आफ्रिकेत किंवा वेस्ट इंडीजमध्ये हा ज्वर येऊन गेलेल्या माणसांना प्रतिकारशक्ती लाभत असे. फिलाडेल्फियात वाढलेल्यांना असे कोणतेही संरक्षण नव्हते. रोगाचा प्रसार डासांमुळे होतो ही गोष्ट तर १९०० साली सिद्ध झाली.

मंडळीने सप्टेंबरच्या आरंभी सभा घेऊन आवाहन स्वीकारले. जोन्स आणि ॲलन प्रथम एका गल्लीत गेले, तेव्हा त्यांना घरात मृत पत्नी, मरणासन्न पती आणि दोन असहाय मुले आढळली. त्या एका दिवसात त्यांनी वीसाहून अधिक कुटुंबांना भेटी दिल्या. पुढे शुश्रूषा करणारी माणसे मिळविणे, प्रेते उचलणे, शवपेट्या पुरविणे आणि रशने शिकविल्याप्रमाणे रक्तमोक्षण करणे ही सर्व कामे त्यांच्याकडे आली. आठशेहून अधिक रुग्णांचे रक्तमोक्षण त्यांनी केले. तो उपचार हितकर नव्हता हे आज आपण जाणतो. परंतु त्या काळच्या अग्रगण्य वैद्याने तो सांगितला होता.

साथ ओसरताच नोव्हेंबर १७९३ मध्ये मॅथ्यू केरी या प्रकाशकाने साथीची हकीकत छापली. तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. जोन्स व ॲलन यांची त्याने स्तुती केली. पण हलक्या दर्जाच्या कृष्णवर्णीय परिचारकांनी रुग्णांना लुबाडले, अवाच्या सवा मजुरी उकळली, असा आरोपही केला. दोन व्यक्तींची प्रशंसा आणि समाजाची निंदा, असा हा प्रकार होता. जोन्स आणि ॲलन यांनी ही प्रशंसा स्वीकारून स्वस्थ बसणे नाकारले. १७९४ च्या आरंभी त्यांनी उत्तरादाखल पुस्तिका प्रसिद्ध केली.

या पुस्तिकेत भावनेपेक्षा हिशेबावर भर आहे. त्यांना मिळालेली एकूण रक्कम २३३ पौंड १० शिलिंग ४ पेन्स होती. शवपेट्यांवर ३३ पौंड खर्च झाले. पाच मजुरांपैकी तिघांनी प्रत्येकी सत्तर दिवस व दोघांनी प्रत्येकी त्रेसष्ट दिवस काम केले. दररोज साडेबावीस शिलिंग या दराने त्यांची मजुरी ३७८ पौंड झाली. म्हणजे एकूण खर्च ४११ पौंड आणि तूट १७७ पौंड ९ शिलिंग ८ पेन्स. दिवसांची संख्या व दर यांचा गुणाकार आज पुन्हा करून पाहिला तरी हिशेब तंतोतंत जुळतो. मजुरी का वाढली याचेही कारण त्यांनी दिले : परिचारक मिळेनात तेव्हा श्रीमंत कुटुंबांनीच एकमेकांवर चढाओढीने बोली केली. महापौरांनी दर उतरविण्याविषयी त्यांना बोलावून विचारले होते. पण हे कारण समजल्यावर त्यांनी तो विषय सोडून दिला. रोगप्रतिकाराच्या समजुतीलाही आकड्यांनीच उत्तर आहे : १७९२ साली शहरात ६७ कृष्णवर्णीयांचे दफन झाले होते, १७९३ साली ३०५ जणांचे. सीझर क्रँचेल याने पैशासाठी आपण जीव विकणार नाही असे सांगून वेतन नाकारल्याचे व पुढे त्याचा मृत्यू झाल्याचेही तेथे नमूद आहे.

ग्रीक भाषेत ‘लाइतुर्गिया’ म्हणजे एखाद्या नागरिकाने स्वखर्चाने पार पाडलेले सार्वजनिक कार्य. ख्रिस्ती परंपरेत याच शब्दाला उपासनाविधी हा अर्थ प्राप्त झाला. मराठीतही ‘सेवा’ देवाची होते आणि माणसाचीही होते. फरक इतकाच, की अथेन्समधील असे कार्य नागरिकत्वाचा मान समजले जाई. फिलाडेल्फियात ते अशा लोकांनी केले, ज्यांचे नागरिकत्वच संशयास्पद मानले जात होते.

३

१७ जुलै १७९४ रोजी चर्चचे समर्पण झाले. कोणत्या पंथात जावयाचे या प्रश्नावर सभासदांचे मत घेण्यात आले. जोन्स आणि ॲलन मेथॉडिस्ट पंथाच्या बाजूने होते. बहुमत एपिस्कोपल चर्चच्या, म्हणजे स्वातंत्र्योत्तर अमेरिकेतील अँग्लिकन परंपरेच्या, बाजूने पडले. ॲलनने धर्मगुरूपद नाकारून स्वतंत्र मेथॉडिस्ट चर्च काढले. जोन्सने बहुमत मानले. मंडळीने प्रवेशासाठी तीन अटी घातल्या : समुदाय म्हणून एकत्र स्वीकार व्हावा, अंतर्गत कारभार स्वतःकडे राहावा आणि जोन्सला उपासना चालविण्याचा परवाना व पात्रता आढळल्यास दीक्षा मिळावी. बिशप विल्यम व्हाइट यांनी त्या मान्य केल्या.

१७९५ साली जोन्सला प्राथमिक दीक्षा देताना ग्रीक व लॅटिनच्या ज्ञानाची अट शिथिल करण्यात आली. परंतु या सवलतीची किंमत घेतली गेली : या धर्मग्रामाने प्रांतिक धर्मपरिषदेत प्रतिनिधी पाठवू नये, असे ठरले. जी भाषा शिकण्याची संधी गुलामास कधी दिली नव्हती, तिचे अज्ञान समुदायाला मतदानापासून दूर ठेवण्याचे निमित्त ठरले. जोन्सच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, १८६४ साली, हे द्वार उघडले.

सेवेने समान स्थान मिळाले नाही, हा या इतिहासाचा एक निष्कर्ष आहे. तथापि तेवढ्यावर थांबणे अपुरे होईल. धर्मग्रामाच्या आश्रयाने स्त्रियांची व पुरुषांची साहाय्यकारी मंडळे निघाली. १७९९ च्या अखेरीस जोन्स आणि सत्तरांहून अधिक मुक्त नागरिकांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध व पळून गेलेल्या गुलामांविषयीच्या कायद्याविरुद्ध काँग्रेसकडे अर्ज केला. प्रतिनिधिगृहाने तो ८५ विरुद्ध १ मताने झिडकारला. १८१४ साली इंग्रजांच्या आक्रमणाची भीती निर्माण झाली तेव्हा जोन्स, ॲलन आणि याच धर्मग्रामाचा सभासद जेम्स फोर्टन यांनी तटबंदीच्या कामासाठी स्वयंसेवक गोळा केले. जोन्स १३ फेब्रुवारी १८१८ रोजी वारला. धर्मग्राम आजही फिलाडेल्फियात, दुसऱ्या जागी, नांदत आहे.

मराठी वाचकाला या विषयाशी जोडणारा एक खरा धागा आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत मुक्त करणाऱ्यांच्या औदार्याचा गौरव आहे, आणि तो यथार्थ आहे. प्रस्तुत साधने त्या चित्राची दुसरी बाजू पुरवितात : मुक्त होणाऱ्यांनी स्वतःची संस्था, नियम आणि हिशेब कसे उभे केले, ती बाजू. मुक्तीच्या इतिहासात दात्यांची नावे सहज टिकतात. घेणाऱ्यांची नावे टिकावयाची तर त्यांनी स्वतः लिहावे लागते.

म्हणूनच या धर्मग्रामाच्या प्रारंभिक कागदपत्रांत वर्गणीचे नियम, खर्चाचा तक्ता आणि दफनांची संख्या यांना प्रवचनांइतकेच महत्त्व दिले पाहिजे. सेवा करणाऱ्यांवर सेवेबद्दलच आरोप आला, तेव्हा त्यांच्या बाजूने साक्ष दिली ती या नोंदींनी. आपल्याकडील भजनी मंडळे, मदत फंड, जातिसंस्थांची वसतिगृहे आणि मिशनमंडळ्या यांच्या जुन्या वह्या अद्याप पेट्यांत पडून आहेत. त्या केवळ जमाखर्च म्हणून दुर्लक्षिल्या जाऊ नयेत, इतका बोध या अभ्यासातून घेता येईल.