साठी बुद्धी नाठी? एका फाईलची गोष्ट

आमची आजी शेवटची तीन-चार वर्षं शेजारणींना सांगायची, "सून मला जेवायला देत नाही." अर्ध्या तासापूर्वीच आईने तिला वरण-भात भरवलेला असायचा. आळीत आईची बदनामी झाली, घरात भांडणं झाली. आणि आम्ही सगळे एकच वाक्य म्हणत राहिलो, "वय झालंय तिचं." मीही म्हणायचो. तिला डॉक्टरकडे न्यावं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पुढे या आजाराचा इतिहास वाचला तेव्हा कळलं, की हीच चूक शिकलेल्या डॉक्टरांनीही जवळजवळ साठ वर्षं केली होती. ती गोष्ट सांगतो. थोडी लांब आहे, पण वाचा.

२५ नोव्हेंबर १९०१. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रेल्वेतल्या एका कारकुनाने आपल्या बायकोला दाखल केलं. नाव ऑगस्टे डेटर, वय ५१. नवऱ्यावर विनाकारण संशय, वस्तू लपवून ठेवणं, स्वयंपाकात चुका, असं काही महिने चाललं होतं. दुसऱ्या दिवशी डॉ. अलॉइस अल्झायमर तिच्यासमोर बसले. नाव विचारलं, ती म्हणाली ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचं नाव? तेही ऑगस्टेच. जेवताना ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं. काय खाताय विचारल्यावर म्हणाली, पालक. आपण स्वतःलाच हरवून बसलोय, असंही ती सांगायची. अल्झायमरनी प्रश्न आणि उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवली.

एप्रिल १९०६ मध्ये ऑगस्टे गेली. अल्झायमर तोवर म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्याकडे कामाला होते. त्यांनी तिची फाईल आणि मेंदू मागवून घेतला. चांदीचे क्षार वापरून पेशी रंगवण्याची पद्धत तेव्हा नवी होती. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते. नोव्हेंबर १९०६ मध्ये ट्यूबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

खरी गडबड यानंतर झाली. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. पण ऑगस्टे पन्नाशीतली, म्हणून हा 'कमी वयात होणारा दुर्मीळ आजार' ठरला. साधारण ६५ च्या आत असाल तर आजार, त्यापुढे असाल तर म्हातारपण किंवा कडक झालेल्या रक्तवाहिन्या!

गंमत म्हणजे त्याच काळात प्रागमध्ये ऑस्कर फिशर म्हाताऱ्या रुग्णांचेच मेंदू तपासत होते. १९०७ मध्ये त्यांनी म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशाचे १६ मेंदू तपासले, त्यातल्या १२ मध्ये तेच थर सापडले. म्हणजे उत्तर तेव्हाच समोर होतं. पण फिशर मागे पडले. ते ज्यू होते. नाझींनी त्यांना पकडलं आणि १९४२ मध्ये टेरेझिनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्यांचं काम कित्येक दशकं धूळ खात राहिलं.

वयाची ती रेघ पुसायला १९६८ उजाडावं लागलं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या तिघांनी म्हाताऱ्या माणसांची जिवंतपणी परीक्षा घेतली आणि मृत्यूनंतर मेंदूतले थर मोजले. थर जितके जास्त, तितका विसरभोळेपणा जास्त. मग १९७६ मध्ये अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट रॉबर्ट कॅट्झमन यांनी दोन पानी लेख लिहून स्पष्ट सांगितलं, की पन्नाशीतला आणि ऐंशीतला हा आजार एकच आहे. आणि तसं मोजलं तर तो अमेरिकेत मृत्यूच्या चौथ्या-पाचव्या क्रमांकाचं कारण ठरतो. नवा जंतू सापडला नव्हता, नवं यंत्र आलं नव्हतं. 'वय झालंय' म्हणणं तेवढं थांबलं, आणि दुर्मीळ आजार एका लेखात लाखोंचा झाला.

त्यानंतर पैसा आला, संशोधन धावू लागलं. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी त्या थरांतलं प्रथिन वेगळं केलं, त्याला आज अमायलॉइड बीटा म्हणतात. १९९१ मध्ये लंडनच्या गटाला, एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आजारामागचा जनुकीय दोष सापडला. १९९६ मध्ये डोनेपेझिल हे औषध आलं. त्याने काहींची लक्षणं थोडी सावरतात, आजार थांबत नाही.

घाईची किंमतही मोजावी लागली. २००६ मध्ये गाजलेला एक शोधनिबंध चित्रांमधल्या फेरफारामुळे २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. २०२१ मध्ये अमेरिकेत अडुकॅन्युमॅबला मंजुरी मिळाली, तीही सल्लागार समितीतल्या ११ पैकी १० जणांनी पुरावा पुरेसा नाही असं सांगितल्यावर! तिघांनी राजीनामे दिले. २०२४ मध्ये कंपनीनेच ते औषध गुंडाळलं. २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळालेल्या लेकॅनेमॅबने दीड वर्षाच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. पण मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका आहे, आणि ते चालतं फक्त सुरुवातीच्या टप्प्यात. म्हणून व्हॉट्सॲपवर 'अल्झायमर बरा करणारं इंजेक्शन आलं' असं फिरत असेल तर विश्वास ठेवू नका. गेलेली आठवण परत आणणारं औषध आजही नाही.

मग निदान करून उपयोग काय, असं कुणी विचारेल. उपयोग आहे. एक तर प्रत्येक विसरभोळेपणा अल्झायमर नसतो. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही माणूस विसरतो, आणि त्यावर इलाज आहे. दुसरं, २०२४ च्या लॅन्सेट आयोगाच्या मते जगातला जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळण्याजोग्या किंवा लांबवण्याजोग्या कारणांशी जोडलेला आहे: रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, कमी ऐकू येणं, एकटेपणा. कानाचं मशीन लावायला आपले आजोबा लाजतात ना, ते या यादीत आहे. आणि तिसरं, निदान झालं की घरातल्यांना कळतं, की समोरचं माणूस मुद्दाम करत नाहीये.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' मध्ये मोहन आगाशे यांनी असे आप्पा उभे केलेत, पाहिला नसेल तर जरूर पाहा. पण आपल्या जिल्हा रुग्णालयात स्मृतीची साधी चाचणी होते का, हे किती जणांनी विचारलंय? आपल्या नगरसेवकाला, आमदाराला ज्येष्ठांच्या कार्यक्रमात सत्काराच्या नारळासोबत हा प्रश्नही विचारूया.

ऑगस्टेची ती फाईल कित्येक वर्षं बेपत्ता होती. १९९५ मध्ये फ्रँकफर्टच्या दवाखान्यातच ती सापडली, तिच्या हस्ताक्षरातल्या अर्धवट नावासकट. तिचं बोलणं कुणीतरी ऐकून लिहून ठेवलं होतं, म्हणून सव्वाशे वर्षांनी मी तुम्हाला ते सांगू शकलो. आमच्या आजीचं कुणी लिहून ठेवलं नाही. आणि आईवर आलेला आळही कुणी पुसला नाही. निदान आज मी इथे लिहितो: आई रोज जेवायला देत होती. आजी खोटं बोलत नव्हती. ती आजारी होती.