पटनी: इन्फोसिसच्या आधीचे घर

देवणीहून पुण्याला आयटीत गेलेल्या तरुणांना इन्फोसिस ठाऊक असते. पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स क्वचितच. वस्तुतः १९८१ साली नारायण मूर्ती व त्यांचे सहकारी पटनीतूनच बाहेर पडले आणि अवघ्या १०,००० रुपयांच्या भांडवलावर पुण्यात इन्फोसिस स्थापन झाली.

पटनीची सूत्रे नरेंद्र, गजेंद्र व अशोक या तिघा भावांकडे होती. पुढे त्यांच्यात एकमत उरले नाही. २००९ मध्ये घराबाहेरचे जेया कुमार मुख्य कार्यकारी अधिकारी झाले खरे, परंतु मोठा हिस्सा भावांकडेच राहिला. माझ्या मते खरा पेच तोच. २०११ मध्ये भावांनी आपले समभाग आयगेटला विकले. आयगेट पटनीहून लहान! तिचे प्रमुख फणीश मूर्ती पूर्वी इन्फोसिसमध्येच होते. त्यांनाही २०१३ मध्ये संचालक मंडळाने पदावरून दूर केले. २०१५ मध्ये फ्रान्सच्या कॅपजेमिनीने आयगेट विकत घेतली, तेव्हा पाटीवर पटनी हे नाव उरलेही नव्हते.