वर्ध्याच्या मातीच्या भिंती आणि चित्रांचा लोकसंचार

सेवाग्राम येथील बापूकुटीच्या मातीच्या भिंतींवर ताडाची झाडे व चरखा यांची उठावाची चित्रे आहेत. ती मीराबेनांच्या हातची होत. त्यांना रंग नाही, चौकट नाही. भिंतीचीच माती बोटांनी किंचित वर उचललेली, एवढेच. गांधीजींच्या कलादृष्टीविषयी लिहिणारे बहुधा त्यांच्या १९२४ सालच्या एका संभाषणाचा हवाला देतात. शांतिनिकेतनचे विद्यार्थी जी. रामचंद्रन यांच्याशी बोलताना आपल्या खोलीच्या भिंती कोऱ्या असल्या तरी चालतील, ताऱ्यांनी भरलेले आकाश दिसले म्हणजे पुरे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले होते. त्यावरून वर्ध्याच्या आश्रमीय जीवनात चित्राला स्थान नव्हते असा समज रूढ झाला. तो समज तपासून पाहावयास हवा. १९३१ च्या डिसेंबरात रोम येथे सिस्टाइन चॅपेलमध्ये ख्रिस्ताच्या मूर्तीपुढून ज्याचा पाय निघेना, त्या पुरुषास कलेचे वावडे होते असे म्हणणे धाडसाचे होईल. वर्ध्यात खरा प्रश्न निराळाच होता : चित्र कोणाच्या भिंतीवर असावे, आणि ते पाहण्यासाठी कोणी कोठे जावे?

महाराष्ट्रात या प्रश्नास एक उत्तर आधीच मिळालेले होते. १८७८ साली पुण्यात स्थापन झालेली चित्रशाळा आणि १८९४ साली मुंबईत निघालेला रविवर्म्यांचा शिळाछापखाना यांनी चित्र स्वस्त केले. राजवाड्यांच्या दालनांतील लक्ष्मी-सरस्वती देवघरांत व दुकानांच्या गल्ल्यांवर विराजमान झाल्या. हा संचार मोठा होता यात शंका नाही; तथापि त्यात गाव हे केवळ गिऱ्हाईक होते. रंग, दगड, यंत्र व कारागीर सारे शहरातले. गावाने पैसे मोजावयाचे आणि खिळा ठोकावयाचा. १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व जे. सी. कुमारप्पा मगनवाडीत काम पाहू लागले. संघाचा सारा रोख याच व्यवहाराविरुद्ध होता. हातकागदाचा उद्योग पुन्हा उभा करणे हे त्याच्या कार्यक्रमातील एक कलम. कागद गावात होऊ शकत असेल तर चित्र का होऊ नये, हा विचार त्यातून ओघानेच निघतो.

तो विचार प्रत्यक्षात आणणारा चित्रकार शांतिनिकेतनात होता. नंदलाल बसूंनी १९३० साली दांडीयात्रेवरील गांधीजींचे लिनोछापाचे चित्र केले होते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांत काठी घेऊन निघालेली ती आकृती एकदा पाहिलेला मनुष्य विसरत नाही. छापचित्राचे सामर्थ्य त्यात पुरेपूर उतरले आहे : साधने मोजकी, प्रती हव्या तितक्या. १९३६ च्या लखनौ काँग्रेसच्या प्रदर्शनाची सजावट नंदलालांनी आपल्या विद्यार्थ्यांसह केली. त्याच वर्षी गांधीजी सेगावी राहावयास आले (या गावास सेवाग्राम हे नाव १९४० साली मिळाले). वर्षअखेरीस खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरावयाचे होते. खेड्यात भरणारे हे पहिले अधिवेशन. तेथील उभारणीसाठी त्यांनी पुन्हा नंदलालांनाच बोलाविले. प्रदर्शन उघडताना गांधीजींनी रचनेचे श्रेय स्थापत्यकार म्हात्रे व नंदबाबू यांना दिले, आणि नंदबाबू हे निर्माण करणारे कलावंत आहेत, आपण नव्हे, अशी कबुलीही दिली. बांबू, गवत, चटया, मडकी ही फैजपूरची सामग्री होती. अधिवेशन संपले, सामग्री पुन्हा गावात विरून गेली.

१९३८ च्या फेब्रुवारीत गुजरातेत तापीकाठी हरिपुरा येथे अधिवेशन भरले, आणि त्यासाठी या पद्धतीची सर्वांत परिपक्व चित्रे तयार झाली. वाटेने जाणाऱ्या खेडुताच्या नजरेस ती सहज पडावीत अशा बेताने प्रवेशद्वारांवर व मंडपांभोवती लावावयाची होती. नंदलालांनी स्वतः सुमारे ऐंशी मूळ चित्रे काढली. त्यांवरून कलाभवनातील मंडळींनी नकला केल्या आणि एकूण संख्या चारशेच्या घरात गेली. हातकागद, त्यावर पटचित्रांच्या धर्तीची जाड वेगवान रेषा व मातकट रंग. सुतार, कुंभार, चांभार, शिकारी, वादक, धान्य कांडणारी बाई, बैलाला आवरणारा गडी असे विषय. त्यांत कापूस पिंजणाराही आहे. वऱ्हाड-वर्ध्याच्या कपाशीच्या मुलखातील माणसास त्याची ओळख करून द्यावी लागली नसती. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल मिरविणाऱ्या विदर्भातील पोरालाही तो बैल कळला असता.

येथे ‘नक्कल’ या शब्दाकडे थोडे थांबून पाहणे अवश्य आहे. शिळाछापात मूळ चित्र एक व प्रती यंत्राच्या, सगळ्या सारख्या. हरिपुऱ्यात प्रती हाताच्या होत्या. प्रत्येकीत नकलकाराच्या मनगटाचा थोडाफार फरक आलेला. पोथी उतरविणाऱ्या लेखनिकाच्या जवळची ही रीत होय. बाजारात मूळ व प्रत यांच्या किमतीत जे अंतर पडते ते येथे जवळजवळ पुसले गेले. परंतु नकलकारांची नावेही त्याबरोबर पुसली गेली, आणि ही हानी लहान मानता येत नाही. दुसरा एक आक्षेपही टाळण्यासारखा नाही. मंदीने कापसाचे भाव १९२९ नंतर कोसळले होते, शेतकरी कर्जात रुतला होता. चित्रातला पिंजारी मात्र धडधाकट व आनंदी आहे. सावकार चित्रात कोठेच नाही, अस्पृश्यताही नाही. वर्धा येथील लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली जमनालाल बजाजांनी हरिजनांस खुले केले, त्या घटनेतला ताण या चित्रांत शोधून सापडत नाही. गाव जसे असावे तसे ते रंगविले गेले. अधिवेशनाच्या वेशीवर लावावयाच्या चित्रांकडून याहून निराळी अपेक्षा धरावी काय, याविषयी दुमत संभवते. पण उणीव ही उणीव होय.

३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगनवाडीत मगन संग्रहालय उघडले. तेथे खादी व ग्रामोद्योगांस स्थान मिळाले, चित्रांचे दालन निघाले नाही. वर्ध्यात चित्रकलेस घर मिळाले ते शाळेत. नयी तालीमचे काम सेवाग्रामी चालविणारे आर्यनायकम् व आशादेवी हे दांपत्य शांतिनिकेतनातूनच आलेले. १९४४ साली कलाभवनचे विद्यार्थी देवीप्रसाद तेथे कलाशिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ पर्यंत राहिले. ते चित्रकार, कुंभार व छायाचित्रकारही होते. नंदलालांचा हा शिष्य एका मुद्द्यावर हरिपुऱ्याच्या अगदी उलट दिशेस गेला : मुलांना नकला करावयास लावू नये, असा त्याचा कटाक्ष होता. मूल जे पाहते व ज्याने झपाटले जाते तेच त्याने काढावे. शिक्षकाने साधने द्यावी व बाजूस व्हावे. ही भूमिका त्यांनी पुढे आपल्या बालकलाविषयक ग्रंथात मांडली. फैजपूर-हरिपुऱ्यात गाव हे चित्राचा विषय व प्रेक्षक होते. सेवाग्रामच्या वर्गात ते प्रथमच चित्रकार झाले. वर्ध्याच्या कलाविचारातील हीच पायरी सर्वांत पुढची म्हणावी लागेल, आणि अभ्यासकांचे लक्ष तिच्याकडे सर्वांत कमी गेले आहे. देवीप्रसादांच्या एकंदर कार्याचे मोठे प्रदर्शन दिल्लीत भरण्यास २०१० साल उजाडले. पुढच्याच वर्षी ते निवर्तले.

हरिपुऱ्याच्या चित्रांचे पुढे काय झाले, हे पाहिले म्हणजे एक विचित्र विसंगती नजरेस येते. चार दिवसांच्या मेळ्यासाठी उघड्यावर टांगलेली ही चित्रे. आज त्यांतील बरीचशी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात काचेआड आहेत. १९७६ साली नंदलालांच्या कृती राष्ट्रीय कलानिधी ठरल्या, त्यामुळे त्या देशाबाहेर विकता येत नाहीत. २०१९ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात भारतीय दालनात ती चित्रे मांडली गेली आणि जगभरच्या रसिकांनी पाहिली. त्यांचा मूळचा अपेक्षित प्रेक्षक वाटेने जाणारा खेडूत होता. त्याला आता दिल्लीस जावे लागते. जतन झाले नसते तर अभ्यासकाच्या हाती काहीच उरले नसते, हेही तितकेच खरे.

बापूकुटीतील ताडांची गोष्ट निराळी आहे. माती झडते, पावसाळ्यात ओल धरते, आणि भिंत पुन्हा सारवावी लागते. सारवणारा हात त्या झाडांच्या कडेने जपून फिरतो.