सरकारी अ‍ॅप गावात आल्यावर का अडतं? कर्जमाफी आणि ई-पीक पाहणीतून समजून घ्या

चाळीसगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याला आज कपाशीचा पेरा सातबाऱ्यावर लावायचा असेल, तर मोबाईल घेऊन बांधावर जावं लागतं. पेरा लागला नाही, तर अनुदान, पीक विमा आणि हमीभावाने विक्री या सगळ्यांत अडचण येऊ शकते. म्हणजे अ‍ॅप चालणं किंवा न चालणं हा थेट पैशांचा प्रश्न आहे.

तरीही अनेक सरकारी सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडखळतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: ते वापरणाऱ्या माणसाला बनवताना कुणी विचारलेलंच नसतं.

मागणारा एक, वापरणारा दुसरा

दुकानातून फोन घेताना पैसे देणारा आणि वापरणारा एकच असतो. आवडला नाही तर तो दुसरा घेतो. सरकारी सॉफ्टवेअरचं तसं नसतं. काय हवं ते मुंबई-पुण्यातला विभाग ठरवतो, बनवतं कुणी तिसरंच आणि वापरतात शेतकरी, तलाठी, गटसचिव किंवा अंगणवाडी सेविका. काम पूर्ण झालं की नाही हे कागदावरच्या यादीवरून ठरतं. बटण आहे का, हे तपासलं जातं. ते बटण कुणाला सापडतं का, हे तपासलं जातंच असं नाही.

२०१७ची कर्जमाफी: घाईचा धडा

जून २०१७ मध्ये राज्य सरकारने ‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’ जाहीर केली. रक्कम सुमारे ३४ हजार कोटी आणि लाभार्थी ८९ लाख शेतकरी, असा तेव्हाचा अंदाज होता. त्यासाठी ऑनलाईन अर्ज सक्तीचा होता. आधार, बोटांचे ठसे आणि पती-पत्नी दोघांची माहिती लागत होती. सेवा केंद्रांवर रांगा लागल्या, सर्व्हर मंदावले आणि मुदत २२ सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली.

१८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, काही शेतकऱ्यांना प्रमाणपत्रं दिली गेली. पण याद्या बँकांकडे गेल्यावर चुका दिसल्या. एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे होता, खात्यांचा मेळ बसत नव्हता. पैसे जमा होणं लांबलं.

कर्जाचा खरा हिशेब गावच्या विविध कार्यकारी सोसायटीच्या वहीत आणि बँकेच्या शाखेत असतो. तो कसा लिहिला जातो, हे गटसचिवाला माहीत असतं. ही माहिती सॉफ्टवेअर बनवतानाच तपासली असती, तर चुका दिवाळीआधी दिसल्या असत्या.

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत हे बदललं. शेतकऱ्याला अर्ज भरायचा नव्हता, माहिती बँकांकडूनच घेतली गेली. २४ फेब्रुवारी २०२० च्या पहिल्या यादीत फक्त ६८ गावं होती. आधी थोड्या गावांत चालवून पाहिलं, मग पुढच्या याद्या आल्या.

ई-पीक पाहणी: अ‍ॅप आलं, पाठोपाठ पूर

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. आधी गाव नमुना १२ मध्ये पिकाची नोंद तलाठी करत असे, आता ती शेतकऱ्याने स्वतः फोटोसह करायची होती. त्याच महिन्याच्या शेवटी चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, शेतं पाण्याखाली गेली. अशा वेळी उभ्या पिकाचा फोटो कसा काढायचा? एरवीही साधा फोन असेल, बांधावर रेंज नसेल किंवा नजर अधू असेल, तर काम अडतंच.

पिकांचंही तसंच. खानदेशात कपाशीत मूग, उडीद किंवा तुरीच्या ओळी घेतात. नोंदीत मिश्र पिकाला पुरेशी जागा नसेल, तर शेतात एक आणि सातबाऱ्यावर दुसरंच दिसतं.

२०२२ मध्ये नवीन आवृत्ती आली. आपण गटापासून किती दूर आहोत हे अ‍ॅप सांगू लागलं. चुकलेली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करता येऊ लागली. मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकांची सोय झाली. हे बदल शेतात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या अडचणींशी जुळणारे होते.

तरी प्रश्न संपला नाही. २०२३ च्या खरिपासाठी कापूस-सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५ हजार रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, जाहीर झाले. ई-पीक पाहणीची नोंद नसलेले अनेक जण त्यातून बाहेर राहिले. अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये ही अट शिथिल करण्याची घोषणा करावी लागली. कपाशी शेतात होती, फक्त अ‍ॅपमध्ये नव्हती.

हे फक्त शेतीतच घडतं का?

नाही. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन कमी क्षमतेचे होते आणि पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजीत होतं. ब्रिटनमध्ये २००२ साली सुरू झालेला रुग्णनोंदींचा महाप्रकल्प २०११ मध्ये गुंडाळावा लागला. डॉक्टरांना पुरेसं विश्वासात न घेणं, हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं.

मग काय करायला हवं?

• सुरुवात एक-दोन गावांतून, खऱ्या फोनवर आणि खऱ्या शेतात करावी.
• तलाठी, गटसचिव, सेवा केंद्रचालक यांना बनवतानाच सोबत घ्यावं. उद्घाटनानंतरचं प्रशिक्षण पुरेसं नसतं.
• चूक दुरुस्त करायची सोय आणि अ‍ॅपशिवायचा पर्यायी मार्ग पहिल्या दिवसापासून असावा.
• किती जणांनी डाउनलोड केलं यापेक्षा किती जणांचं काम पूर्ण झालं, हे मोजावं.

शेतकऱ्यांसाठी एक सूचना: नोंद केल्यावर स्क्रीनशॉट ठेवा आणि काही दिवसांनी सातबाऱ्यावर पीक दिसतंय का ते पाहा. दिसत नसेल, तर हंगामाची मुदत संपण्याआधीच तलाठ्यांकडे जा. मुदत गेल्यावर दुरुस्ती फार अवघड होते.