विनीत नय्यर

विनीत नय्यर (निधन : मे २०२४) हे भारतीय प्रशासकीय अधिकारी व उद्योग-व्यवस्थापक होते. पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्रा या माहिती तंत्रज्ञान कंपनीचे ते उपाध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक होते. सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही हैदराबादची कंपनी हिशेबातील महाघोटाळ्यामुळे २००९ मध्ये कोसळण्याच्या बेतात होती. ती विकत घेऊन पुन्हा उभी करण्याच्या कामाचे नेतृत्व मुख्यतः त्यांच्या नावाने ओळखले जाते. २०१८ मध्ये कर्जाच्या डोंगराखाली दबलेल्या आयएल अँड एफएस या मुंबईच्या वित्तसमूहाच्या शासननियुक्त संचालक मंडळावरही त्यांची नेमणूक झाली. अडचणीत सापडलेल्या संस्था सावरणारे व्यवस्थापक, अशी त्यांची ओळख या दोन प्रसंगांमुळे दृढ झाली.

पूर्वकारकीर्द

नय्यर यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या विल्यम्स महाविद्यालयातून विकासाचे अर्थशास्त्र या विषयात पदव्युत्तर पदवी घेतली. भारतीय प्रशासकीय सेवेत असताना त्यांनी जिल्हाधिकारी, हरियाणा शासनाचे कृषी व ग्रामविकास सचिव आणि केंद्र शासनाच्या आर्थिक व्यवहार विभागाचे संचालक अशी पदे सांभाळली. जागतिक बँकेत त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ काम केले. तेथे पूर्व आशिया व प्रशांत विभागातील ऊर्जा, पायाभूत सुविधा व वित्त हे विषय त्यांच्याकडे होते.

गेल (गॅस ऑथॉरिटी ऑफ इंडिया लिमिटेड) या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक उपक्रमाचे ते संस्थापक अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक होते. हजीरा-विजयपूर-जगदीशपूर ही आंतरराज्य नैसर्गिक वायुवाहिनी टाकणे हे या उपक्रमाचे पहिले मोठे काम होते. पुढे खासगी क्षेत्रात ते एचसीएल समूहात आले आणि एचसीएल पेरो सिस्टिम्स या संयुक्त कंपनीचे संस्थापक मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. सत्यमच्या पुनर्बांधणीत त्यांचे निकटचे सहकारी ठरलेले चंद्रप्रकाश (सी. पी.) गुरनानी हेही या कंपनीत होते.

टेक महिंद्रा

महिंद्रा अँड महिंद्रा आणि ब्रिटिश टेलिकॉम यांनी १९८६ मध्ये महिंद्रा ब्रिटिश टेलिकॉम ही कंपनी स्थापन केली. नय्यर २००५ मध्ये या कंपनीत आले. २००६ मध्ये तिचे नाव टेक महिंद्रा झाले आणि त्याच वर्षी तिचे समभाग बाजारात आले. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात हिंजवडी-माण परिसरात राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. तेथे या कंपनीचे मोठे संकुल आहे.

कंपनी वाढत होती, परंतु तिच्या रचनेत एक उणीव होती. तिचे काम जवळजवळ पूर्णपणे दूरसंचार क्षेत्रापुरते मर्यादित होते आणि निम्म्याहून अधिक उत्पन्न ब्रिटिश टेलिकॉम या एकाच ग्राहकाकडून येत असे. तो ग्राहक अडचणीत आला, तर कंपनीही अडचणीत येणार हे उघड होते. सत्यम खरेदी करण्याच्या निर्णयामागील हे महत्त्वाचे कारण होते. बँका, कारखानदारी, किरकोळ व्यापार अशा टेक महिंद्राला अपरिचित क्षेत्रांत सत्यमचे ग्राहक होते.

सत्यमचे संकट

१६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमने संस्थापक बी. रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी संबंधित असलेल्या मेटास नावाच्या दोन कंपन्या विकत घेण्याचे जाहीर केले. भागधारकांच्या तीव्र विरोधामुळे तो निर्णय लगेच मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून हिशेब अनेक वर्षे फुगवलेले असल्याची कबुली दिली. पत्रातील आकडे असे होते : रोकड व बँकेतील शिल्लक ५,०४० कोटी रुपयांनी फुगवलेली, ३७६ कोटींचे व्याज अस्तित्वातच नाही, १,२३० कोटींची देणी दाखवलेली नाहीत आणि येणे रक्कम ४९० कोटींनी वाढवून दाखवलेली. ही बेरीज ७,१३६ कोटी रुपये होते. त्याच दिवशी समभागाचा भाव तीन-चतुर्थांशाहून अधिक घसरला.

सुमारे ५० हजार कर्मचाऱ्यांचे पगार, परदेशी ग्राहकांची चालू कामे आणि भारतीय माहिती तंत्रज्ञान उद्योगाची विश्वासार्हता या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पणाला लागल्या. केंद्र शासनाने जुने संचालक मंडळ बरखास्त केले. नव्या मंडळावर दीपक पारेख, किरण कर्णिक, सी. अच्युतन, तरुण दास, टी. एन. मनोहरन व एस. बी. मैनक यांची नियुक्ती झाली. या मंडळाने बँकांकडून सुमारे ६०० कोटी रुपयांचे कर्ज मिळवून पगार चालू ठेवले आणि कंपनीसाठी नवा मालक शोधण्याची प्रक्रिया सुरू केली.

बोली व खरेदी

१३ एप्रिल २००९ रोजी बोली उघडण्यात आल्या. टेक महिंद्राने प्रतिसमभाग ५८ रुपये, लार्सन अँड टुब्रोने ४५.९० रुपये आणि अमेरिकी गुंतवणूकदार विल्बर रॉस यांनी २० रुपये देऊ केले. टेक महिंद्राची बोली स्वीकारण्यात आली. ३१ टक्के हिश्श्यासाठी तिने १,७५७ कोटी रुपये मोजले. हे समभाग नव्याने काढलेले असल्यामुळे रक्कम जुन्या मालकांकडे न जाता थेट सत्यमच्या तिजोरीत गेली.

या व्यवहारातील जोखीम मोठी होती. कंपनीचे खरे हिशेब तेव्हा कोणाकडेच नव्हते. अमेरिकेतील भागधारकांनी भरलेल्या दाव्यांतून किती देणे निघेल, हेही माहीत नव्हते. शिवाय टेक महिंद्राकडे सुमारे २५ हजार कर्मचारी होते, म्हणजे विकत घेणारी कंपनी विकल्या जाणाऱ्या कंपनीहून मनुष्यबळाने लहान होती. खरेदीसाठी तिला कर्जही काढावे लागले.

पुनर्बांधणी

जून २००९ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा सत्यम' झाले. नय्यर तिचे अध्यक्ष व गुरनानी मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. पहिले काम ग्राहकांची गळती थांबवण्याचे होते. दुसरे काम खर्चाचा ताळमेळ बसवण्याचे आणि अधिक अवघड होते. काम नसलेल्या काही हजार कर्मचाऱ्यांना थेट कामावरून न काढता 'आभासी राखीव गटात' ठेवण्यात आले. या काळात त्यांना मूळ वेतन, भविष्यनिर्वाह निधी व वैद्यकीय विमा मिळत असे. नवे काम आल्यास त्यांना परत बोलावले जाणार होते. मुदत मात्र सहा महिन्यांचीच होती. या उपायामुळे कंपनीवरील भार हलका झाला. परंतु घोटाळ्यात कोणताही हात नसलेल्या कर्मचाऱ्यांना त्याची किंमत चुकवावी लागली, ही वस्तुस्थिती उरतेच.

तिसरे काम हिशेब नव्याने मांडण्याचे होते. सप्टेंबर २०१० मध्ये सुधारित हिशेब जाहीर झाले. त्यांनुसार २००८-०९ या वर्षाचा तोटा सुमारे ८,१७७ कोटी रुपये होता, तर २००९-१० चा तोटा सुमारे १२५ कोटींपर्यंत खाली आला होता. अमेरिकी नियमांनुसार हिशेब वेळेत देता न आल्याने न्यूयॉर्क शेअर बाजारातील नोंदणी सोडावी लागली. २०११ मध्ये अमेरिकेतील भागधारकांचा सामूहिक दावा १२.५ कोटी डॉलर देऊन मिटवण्यात आला.

मार्च २०१२ मध्ये दोन्ही कंपन्यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. सत्यमच्या १७ समभागांमागे टेक महिंद्राचे २ समभाग असे प्रमाण ठरले. जून २०१३ मध्ये विलीनीकरण पूर्ण झाले आणि सत्यम हे नाव इतिहासजमा झाले. राजू व इतर आरोपींना एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने दोषी ठरवून सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

आयएल अँड एफएस

रस्ते, वीज अशा पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस समूहाने २०१८ मध्ये कर्जाचे हप्ते चुकवले. समूहावरील कर्ज ९० हजार कोटी रुपयांहून अधिक होते आणि त्यात बँकांबरोबर भविष्यनिर्वाह निधी व म्युच्युअल फंडांचाही पैसा अडकला होता. १ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाच्या परवानगीने शासनाने संचालक मंडळ बदलले. उदय कोटक अध्यक्ष झाले, तर नय्यर यांच्याकडे उपाध्यक्ष या नात्याने दैनंदिन कारभाराची जबाबदारी आली. समूहात तीनशेहून अधिक कंपन्या असल्याचे नव्या मंडळाला आढळले. देणी फेडण्याच्या कुवतीनुसार या कंपन्यांची हिरवा, पिवळसर व लाल अशा गटांत विभागणी करण्यात आली. येथे सत्यमप्रमाणे एकच खरेदीदार शोधून प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. मालमत्ता टप्प्याटप्प्याने विकून धनकोंची देणी भागवणे एवढाच मार्ग होता.

मूल्यमापन

सत्यमचे पुनरुज्जीवन हे भारतातील कंपनी-बचावाचे ठळक उदाहरण मानले जाते. त्याचे श्रेय केवळ एका व्यक्तीचे नाही. शासनाने काही दिवसांत मंडळ बदलले, त्या मंडळाने तीन महिन्यांत पारदर्शक बोली घडवून आणली आणि कामाची गुणवत्ता टिकवणारे अभियंते कंपनीत राहिले, म्हणून वाचवण्याजोगे काही उरले होते. नय्यर व गुरनानी यांचे योगदान त्यापुढचे आहे. अपुऱ्या माहितीवर मोठा निर्णय घेणे आणि नंतरची चार वर्षे त्याची जबाबदारी निभावणे हे काम त्यांनी केले. ज्या भागधारकांनी डिसेंबर २००८ पूर्वीच्या चढ्या भावाने समभाग घेतले होते, त्यांचे नुकसान मात्र या यशाने भरून निघाले नाही.

नय्यर यांचे मे २०२४ मध्ये निधन झाले.