गणेशखिंडीची जमीन

विद्यापीठांचा इतिहास लिहितांना कुलगुरूंची नामावळी, परीक्षांचे आंकडे आणि पदवीदानाचीं भाषणें यांनाच बहुधा पानें दिलीं जातात; जमिनीचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. परंतु एखादें विद्यापीठ पुढें काय होऊं शकेल हें पुष्कळ अंशीं त्याला प्रारंभीं किती जमीन मिळाली यावर अवलंबून असतें, असें आम्हांस वाटतें. मुंबई आणि पुणें या दोन विद्यापीठांची तुलना केली असतां ही गोष्ट सहज ध्यानांत येईल.

मुंबईचें विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें तें लंडनच्या धर्तीवर, केवळ परीक्षा घेण्यासाठीं. शिकविण्याचें काम कॉलेजांचें होतें. अशा संस्थेस कचेरी, ग्रंथालय व पदवीदानाचा दिवाणखाना एवढें पुरेसें होतें. कावसजी जहांगीर व प्रेमचंद रायचंद यांच्या औदार्यानें तें सर्व लाभलें आणि राजाबाई मनोरा शहराचें भूषण होऊन बसला. पण विद्यापीठानें स्वतःच अध्यापन व संशोधन करावें ही कल्पना विसाव्या शतकांत मूळ धरूं लागली, तेव्हां त्या देखण्या वास्तूंभोंवतीं हात पसरावयासहि जागा उरली नव्हती. पुढें कालिन्यास दुसरें आवार वसवावें लागलें, व एका विद्यापीठाचीं दोन बिऱ्हाडें झालीं.

पुण्याचें दैव निराळें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें मुंबई इलाख्यांत कापसाच्या पैशाचा पूर आला असतां गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनीं गणेशखिंडींत गव्हर्नराच्या पावसाळी मुक्कामासाठीं प्रासाद बांधावयास घेतला. १८६४ सालीं काम निघालें, १८७१ सालीं संपलें. मध्यंतरीं कापसाचा भाव कोसळला, खर्च मात्र अंदाजाबाहेर चढला, आणि या उधळपट्टीबद्दल फ्रिअरसाहेबांस वरिष्ठांचा बोलहि ऐकावा लागला. याच प्रासादांतील हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परततांना, २२ जून १८९७ च्या रात्रीं, रँड व आयर्स्ट यांवर चाफेकर बंधूंनीं गोळ्या झाडल्या. परक्या सत्तेच्या डौलाचें याहून ठळक प्रतीक पुण्याजवळ दुसरें नव्हतें.

स्वातंत्र्यानंतर तेंच स्थान विद्येस अर्पण झालें. पुणें विद्यापीठाचा कायदा १९४८ सालीं झाला. डॉ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरु झाले. कांहीं काळ निजाम अतिथिगृहांत कारभार चालवून १९४९ सालीं विद्यापीठ गणेशखिंडींत आलें. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या पुढाकारानें त्यास चारशें एकरांहून अधिक जमीन मिळाली. त्या वेळच्या गरजेच्या मानानें ही जमीन फारच मोठी होती. कारकुनी हिशेबानें पाहणाऱ्यास तींतील बहुतेक भाग वायां गेला असेंच वाटलें असतें.

तो वायां गेला नाहीं हें काळानें दाखविलें. आरंभीं बारा जिल्ह्यांवर पसरलेलें विद्यापीठाचें क्षेत्र १९६२ सालीं कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ निघाल्यावर आकुंचित झालें. १९९० सालीं धुळें व जळगांवहि वेगळे झाले. क्षेत्र घटलें तरी आवार भरत गेलें. १९८८ सालीं डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखालीं खगोलशास्त्राचें आंतरविद्यापीठ केंद्र स्थापन झालें, त्यासाठीं येथें जागा सिद्धच होती. चार्ल्स कोरिया यांनीं त्याची वास्तु रचली. १९४९ सालीं अशा केंद्राची कल्पना कोणाच्या स्वप्नींहि नव्हती. मोकळी ठेवलेली जमीन चाळीस वर्षांनीं त्याच्या उपयोगी पडली.

आतां शहर चोहोंकडून आवाराशीं येऊन भिडलें आहे. झाडें राखावीं म्हणावें, तर खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मुलामुलींस वसतिगृहांत खोली मिळत नाहीं. इमारती बांधाव्या म्हणावें, तर राखून ठेवलेली जमीन एकदांच खर्च करतां येते. हा पेंच खरा आहे, आणि केवळ वृक्षप्रेमानें किंवा केवळ विकासाच्या घोषणेनें तो सुटणार नाहीं. आमच्या मतें वसतिगृहांस अग्रस्थान द्यावें, तीं उंच बांधावीं, आणि इतर प्रत्येक इमारतीच्या वेळीं एकच प्रश्न विचारावा : ही उभी राहिल्यानें पुढच्या पिढीचें कोणतें काम अडेल? जयकर-खेरांनीं आपल्या पिढीची गरज भागवून शिवाय पुढच्यांसाठीं शिल्लक ठेविली. त्या शिलकेवरच आपण आजवर जगत आलों आहों. तींतील कांहीं पुढें पोंचविणें हें आपलेंहि कर्तव्य नव्हे काय?