काटकसरीचं इंदूर : शंभर वर्षांचा जमाखर्च



सध्या "पर्यावरणपूरक राहणी" हा शब्द घरोघरी ऐकू येतो. नातवंडांना शाळेत त्यावर प्रोजेक्ट असतात, बाजारात त्याच नावानं बांबूचे ब्रश आणि महागड्या बाटल्या मिळतात. त्यामुळे निसर्ग सांभाळायचा म्हणजे जास्त पैसे मोजायचे, असा समज होत चाललाय. मी बी.कॉम. झालेला माणूस, उभं आयुष्य बँकेत लोकांचे जमाखर्च तपासण्यात गेलं. आपल्या इंदूरचा गेल्या शंभर वर्षांचा हिशेब मांडला तर उलटंच दिसतं. या गावानं जेव्हा नासाडी टाळली तेव्हा पैसेही वाचले. नासाडी केली तेव्हा बिल कुणाला तरी भरावंच लागलं, आणि पुष्कळदा ते भलत्याच माणसानं भरलं.

पहिली नोंद १९१७-१८ सालची. तेव्हा गादीवर तुकोजीराव होळकर तिसरे होते. गावात प्लेगची भीती, गल्ल्यांत उकिरडे. दरबारानं नगररचनेच्या सल्ल्यासाठी पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश विद्वानाला बोलावलं. त्यांनी एक दिवसापुरतं महाराज होण्याची परवानगी मागितली आणि दिवाळीला मोठी मिरवणूक काढायचं ठरवलं. मिरवणूक ठरलेल्या रस्त्यानं जाणार नाही, ज्या मोहल्ल्यातली घरं सगळ्यांत स्वच्छ असतील तिथूनच जाईल, अशी दवंडी दिली. झालं! जो तो झाडू घेऊन कामाला लागला. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस होता, भला मोठा उंदीर होता. आणि पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, हार घातलेले सफाई कामगार मानानं चालत होते. शेवटी उंदीर आणि राक्षस दोघांचंही दहन झालं. दंड नाही, नोटीस नाही, खर्च म्हणाल तर एका मिरवणुकीचा.

गेडीस यांचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत निघाला. मैला आणि सांडपाणी सगळं महागड्या गटारांतून वाहून नदीत सोडायचं, हे त्यांना पटत नव्हतं. ते मातीला परत द्या, बागा आणि मळे फुलवा, असं त्यांचं म्हणणं. दरबाराचा पैसा वाचेल, नदी वाचेल आणि भाजीही पिकेल. त्यांचं सगळं ऐकलं गेलं नाही. आपल्या खान नदीचा पुढे नाला कसा झाला, हे कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांशी उभं राहून आपण सगळ्यांनी पाहिलंय.

दुसरी नोंद आपल्या घरांतली, १९५०-६० च्या दशकांतली. रामबाग, नारायण बाग, तोपखाना, कुठल्याही वाड्यात जा, चाल एकच. कोळशाची राख भांडी घासायला. जुन्या लुगड्यांची गोधडी, गोधडी विरली की तिचं पायपुसणं. तरीही कपडे उरलेच तर बोहारीण एखादं पातेलं देऊन घेऊन जायची. तांब्या-पितळेची भांडी टाकायची नाहीत, कल्हईवाला आला की कल्हई करून घ्यायची. दूध किटलीतून, तेल बरणीतून, किराणा कागदाच्या पुड्यांतून. पुड्याचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवायचा. मुंजीला-लग्नाला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण. उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचा पडदा, रात्री गच्चीवर गाद्या, कारण माळव्याची रात्र थंडच. आमच्या आईच्या हिशेबाच्या वहीत "रद्दी" हा जमेचा रकाना होता. "कचरा" असा रकाना नव्हताच, कारण त्याला पैसे पडत नव्हते.

पण जुन्या काळाला उगाच सोन्याचा मुलामा द्यायला नको. शेगडीचा धूर आई-आजीच्या छातीत जायचा. आणि वाड्याच्या मागच्या बाजूच्या संडासाचा मैला एक माणूस डोक्यावरून वाहून न्यायचा. आपल्या वहीत तो खर्च जवळजवळ शून्य होता. त्याची खरी किंमत तो माणूस आणि त्याचं कुटुंब भरत होतं. म्हणून जुन्या सवयी परत आणताना फक्त वस्तू जपण्याची सवय आणायची, माणसाला राबवण्याची नाही.

तिसरी नोंद पाण्याची. होळकरांच्या काळात सिरपूर, बिलावली, पिपल्यापाला हे तलाव आणि पुढे यशवंतसागर यांवर गावाची तहान भागायची. वाड्यावाड्यात विहीर, मोहल्ल्यात बावडी. गिरण्या वाढल्या, वस्ती वाढली, पाणी पुरेना. १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी मोठं आंदोलन झालं. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी त्या वेळी कॉलेज बुडवून घोषणा दिल्या असतील! १९७८ मध्ये नर्मदा इंदुरात आली. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, आणि तीही चढणीनं. पाणी सुमारे ५०० मीटर वर ओढून आणावं लागतं.

आता साधं गणित करा. १,००० लिटर पाणी ५०० मीटर उचलायला, काहीही घट न धरता, १.३६ युनिट वीज लागते. पंपाची आणि नळवाहिनीची घट धरली तर दोन युनिटच्या आसपास. म्हणजे गच्चीवरची १,००० लिटरची टाकी भरून वाहिली तर नुसतं पाणीच नाही, वीजही वाहून गेली. हे बिल आपल्या घरी येत नाही, महानगरपालिकेकडे जातं, आणि तिथून फिरून आपल्याच करात येतं.

नळ आला तशी विहिरींची गरज संपली. काही बुजवल्या, काहींवर स्लॅब टाकून वर बांधकामं केली. ३० मार्च २०२३ ला, ऐन रामनवमीच्या दिवशी, एका मंदिरात बावडीवरचा असाच स्लॅब कोसळला आणि ३६ माणसं गेली. तो आकडा कुठल्याच जमाखर्चात बसत नाही. पण जुन्या पाण्याला आपण अडगळ समजलो, त्याची आठवण म्हणून तो इथे लिहिणं भाग आहे.

चौथी नोंद कचऱ्याची. १९९० नंतर प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या, वापरा-फेका पेले आले. देवगुराडियाला कचऱ्याचे डोंगर उभे राहिले. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २५ वं होतं, २०१७ मध्ये पहिलं आलं आणि मग वर्षानुवर्षं पहिलंच राहिलं. हे कसं झालं? ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा झाला म्हणून. देवगुराडियाचा सुमारे १३ लाख टन जुना कचरा २०१८ पर्यंत उपसून, चाळून संपवला. त्या वेळच्या आकड्यांप्रमाणे बाहेरच्या कंत्राटाला ६० कोटींच्या वर लागले असते. यंत्रं भाड्यानं घेऊन ते काम १० कोटींच्या आसपास झालं. त्याच जागी १९ फेब्रुवारी २०२२ ला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत करणारा कारखाना सुरू झाला. त्या गॅसवर शहराच्या बस धावतात. गेडीस १९१८ मध्ये जे सांगत होते, ते शंभर वर्षांनी दुसऱ्या वाटेनं आलं.

पाचवी नोंद माझ्या धंद्यातली. फेब्रुवारी २०२३ मध्ये महानगरपालिकेनं जलूदला ६० मेगावॉटचा सौरऊर्जा प्रकल्प उभारण्यासाठी २४४ कोटींचे हरित रोखे काढले, तेही सर्वसामान्यांसाठी खुले. व्याज सव्वाआठ टक्के. मूळ १२२ कोटींसाठी ७२० कोटींचे अर्ज आले. ज्या पाण्यासाठी एके काळी लोक रस्त्यावर उतरले, ते सूर्याच्या विजेवर वर चढवायला आता लोकांनी बचत पुढे केली. बँकेत असताना कर्जाच्या अर्जांवर मी पुष्कळ सह्या केल्या, पण इतकं नेमकं कारण क्वचितच वाचलं.

आता घरचा ताळेबंद. यात महाग काही नाही.

फवाऱ्याखाली दहा मिनिटांत ८०-१०० लिटर पाणी सहज जातं, बादलीत २० लिटरमध्ये आंघोळ होते. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत धरा, फरशी त्यात पुसून होते. चौघांच्या घरात रोज १०० लिटर वाचले तर वर्षाला ३६,५०० लिटर, म्हणजे चढणीवरची सत्तरएक युनिट वीज.

जुना पंखा ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज १२ तास, वर्षाचे आठ महिने चालला तर सुमारे १३० युनिट वाचतात. सात रुपये दर धरा, वर्षाला ९०० रुपये. पंख्याची किंमत तीनेक वर्षांत वसूल, पुढे निव्वळ नफा. कुठल्या मुदत ठेवीत इतकं मिळतं, सांगा! एसी २० ऐवजी २५ वर ठेवला तरी दर अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते.

डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून मग कुकर लावा, गॅस कमी जळतो. भाजीला जाताना खिशात कापडी पिशवी. भाजीच्या देठांचं खत कुंडीतच. वाढदिवसाला, डोहाळजेवणाला वापरून फेकायच्या ताटल्यांऐवजी स्टीलची ताटं. शहरात बर्तन बँका निघाल्यात, नाहीतर शेजारी आहेतच. पूर्वी मंगलकार्याला शेजारची पातेली आपल्याकडे यायचीच की! मात्र ताटं घासायला येणाऱ्या बाईंना त्या दिवशी जास्तीचे पैसे द्या. वाड्यामागच्या त्या माणसाचा हिशेब विसरू नका.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. पहिल्या क्रमांकाचं बक्षीस मिळालं ते कचरा नीट उचलण्यासाठी. कचरा कमी करण्याचं काम अजून बाकी आहे. छप्पनवर पोहे-जिलबी खाऊन पेला बरोबर निळ्या पेटीत टाकला, तरी तो पेला बनलाच ना? तो उचलायला गाडी, माणूस, डिझेल लागलंच ना? आईच्या पिढीला वेगळं करायची वेळच येत नव्हती, कारण टाकण्यासारखं फार थोडं उरायचं. ते आपल्याला आजही जमेल, आणि आता आपल्याकडे गॅसची शेगडी, वीज आणि फ्लशचा संडासही आहे. जुन्या काळाचा जाच नको, हिशेब तेवढा घ्यायचा.

उद्या सकाळी कचरा गाडीचं गाणं ऐकू आलं की आपल्या टोपलीत एकदा डोकावून बघा, यातलं काय मुळात विकतच घ्यायला नको होतं. महिनाभर त्याची नोंद ठेवा. आणि तुमच्या घरात आजी-आईची अशी कुठली रीत असेल, ती खाली जरूर लिहा. आपल्यामागे ती सांगायला कोणी उरणार नाही.